अमेरिकेतल्या गॅस विहिरीचा काटा, गोव्यातल्या साखळी गावात बसून

अमेरिकेतल्या गॅस विहिरीचा हिशेब फोनवर दाखवणारी एक सेवा मी वापरतो. तिचे गुण आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटपर्यंत वाचायचे नाही ते मोकळे. विहिरीचा आकडा आणून देण्याला पाचपैकी साडेचार. चेक किती येईल ते सांगण्याला दोन, तेही मन मोठे केले म्हणून. माणसांच्या वागण्याला चार. सरासरी साडेतीन. मी जन्मभर खाणीच्या वजनकाट्यावरचा कारकून, तेव्हा बेरीज तुम्हीही एकदा करून बघा.

सेवेचे नाव लिहीत नाही. खाली तिच्याबद्दल थोडे वाकडे बोललो आहे आणि बहिणीचा व्यवहार अजून चालू आहे. शिवाय अशा सेवा बऱ्याच आहेत, आणि पेनसिल्वेनियापुरते बोलायचे तर सगळ्यांची घागर एकाच सरकारी विहिरीत बुडते. त्यामुळे एकीबद्दल लिहिले ते बाकीच्यांनाही बरेचसे लागू व्हावे.

सेवा काय आहे? अमेरिकेत ज्यांच्या जमिनीखालून नैसर्गिक वायू काढला जातो, त्यांच्यासाठी ही वर्गणीची वेबसाइट आणि फोनवरचे अॅप आहे. विहिरीचा नंबर घालायचा, आपला हिस्सा घालायचा. मग दर महिन्याला किती वायू निघाला त्याचा आकडा येतो, आलेख निघतो, शेजारी कोणी नव्या विहिरीचा परवाना घेतला तर नकाशावर टाचणी उमटते, आणि खाली मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘तुमचा पुढचा चेक अंदाजे इतका’ असे येते. वर्गणी महिन्याला १२ डॉलर, वर्षाची एकदम भरली तर १२०. माझे इथले कार्ड त्यांनी दोनदा परतवले, शेवटी भाच्याच्या कार्डावर भरले.

आता साखळीच्या माणसाला पेनसिल्वेनियातल्या गॅसशी काय देणे-घेणे, असे विचाराल. आमचा पाववाला पोदेरसुद्धा विचारतो. मी सकाळी पाव घेताना फोनवर आलेख बघत असतो, त्याला वाटते शेअर बाजार.

माझी धाकटी बहीण, आमच्या घरातली बाय, ३० वर्षांहून जास्त तिथे आहे. भावोजींनी १९९६ मध्ये सस्क्वेहाना काऊंटीत, मॉन्ट्रोज गावापासून थोडे आत, बंद पडलेला एक दूधधंद्याचा मळा घेतला. ३८ एकर. जमीन चढउताराची, थंडी हाड फोडणारी, आजूबाजूला गाई आणि निळसर फरशीच्या दगडखाणी. आम्ही इथून म्हणायचो, एवढी भाटकारी कशाला हवी होती. पण खरेदीखत करताना भावोजींनी एक गोष्ट नीट बघितली होती: जमिनीखालचे हक्क विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेले नाहीत. तिथे वरची जमीन एकाची आणि खालचे खनिज दुसऱ्याचे असे असू शकते. २००८ मध्ये कंपनीचा माणूस लीज घेऊन दारात आला तेव्हा त्या एका ओळीचे मोल कळले. त्या भागात सुरुवातीला घाईने सह्या केलेल्यांना एकरी २५ डॉलर मिळाले होते, दोन-तीन वर्षांत तोच आकडा हजारांत गेला. भावोजी मधे कुठेतरी सापडले. रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या वायूच्या पैशांतला मालकाचा हिस्सा, मात्र त्यांनी १५ टक्के लिहून घेतली. कायद्याने किमान साडेबारा, म्हणजे आठवा हिस्सा. तो कायदा १९७९ चा.

विहीर म्हटले की आपल्याला रहाट आठवतो. हिचे तोंड बायच्या जमिनीत नाहीच. मैलभरावर शेजाऱ्याच्या शेतात पॅड, म्हणजे विहीर खोदण्याची सपाट जागा, आहे, तिथून नळी जवळपास दोन किलोमीटर खाली जाते, मग आडवी वळते आणि मार्सेलस नावाच्या काळ्या शेलच्या, म्हणजे पापुद्र्यांच्या खडकाच्या, थरातून बायच्या जमिनीखालून जाते. बायच्या खिडकीतून काही दिसत नाही, आवाज नाही, वास नाही. फक्त महिन्याला एक पाकीट येते.

भावोजी होते तोवर हिशेब त्यांचा. हिरवी वही, शिवाय एक्सेल. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. दिवस-कार्य झाल्यावर बायने मला कागदांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. एका रात्रीत ६४ फोटो. खाली एकच ओळ: ‘दादा, तू काट्यावर होतास ना, तुला कळेल.’

होतो. १९८६ पासून २०१२ पर्यंत, २६ वर्षे, खाणीच्या काट्यावर. ट्रक भरून आला की वजन, रिकामा परत आला की वजन, भरलेल्यातून रिकामा वजा, पावती फाडायची. तीच खेप नदीवर जेटीला गेली की तिथे दुसरा काटा, दुसरी पावती. तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव. संध्याकाळी दोन्ही काट्यांच्या बेरजा समोरासमोर ठेवायच्या. कधीच तंतोतंत जुळायच्या नाहीत, आणि ज्या दिवशी तंतोतंत जुळल्या त्या दिवशी आमचे पात्राव, म्हणजे साहेब, चष्मा काढून विचारायचे, ‘कोणी कोणाची नक्कल केली?’ फरक असायचाच, तो किती आणि का एवढेच काम. ओल्या टनाचा सुका टन करताना काही टक्के जायचे, वाटेत थोडे सांडायचे. तेवढ्यात बसले तर सही. १० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या, आणि माझा काटाही थांबला. पुढे २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, २०१८ मध्ये परत बंद. मी परत गेलो नाही. पण सवय जात नाही. नारळवाल्याकडेही मी दोनदा मोजतो.

तर या सेवेकडे मी ज्या नजरेने बघितले ती अशी: कंपनीचे स्टेटमेंट ही पहिली पावती, मला दुसरी पावती हवी होती.

दुसरी पावती सरकारची. पेनसिल्वेनियात शेलच्या प्रत्येक विहिरीचे उत्पादन कंपनीने महिना संपल्यापासून ४५ दिवसांत राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवायचे असते. आधी हे सहा महिन्यांनी व्हायचे, २०१४ च्या कायद्याने महिन्यावर आले. आणि ही नोंद उघडी आहे. कोणीही, कुठूनही, फुकट बघावी. मी साखळीच्या पावसात, वीज गेलेली असताना, फोनच्या उजेडात ती बघितली आहे. विहिरीला एपीआय नंबर असतो, जणू तिचा सर्व्हे नंबर: ३७ म्हणजे पेनसिल्वेनिया, ११५ म्हणजे सस्क्वेहाना काऊंटी, पुढे विहिरीचा स्वतःचा आकडा. तो लीजवर सापडत नाही, स्टेटमेंटवर बहुधा असतो. बायच्या स्टेटमेंटवर कंपनीने स्वतःचाच वेगळा नंबर छापला होता आणि एपीआय नंबर मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरात. ही सेवा पहिल्यांदा उपयोगी पडली ती इथे. विहिरीचे नाव आणि गावाची हद्द घातली, तिने नंबर शोधून दिला.

एकक एमसीएफ, म्हणजे हजार घनफूट. यातला ‘एम’ रोमन आकड्यातला, हजाराचा. दोन ‘एम’ आले की हजार गुणिले हजार, दशलक्ष. हे न कळल्यामुळे मी पहिला आठवडा बायला लखपती समजत होतो. एक हजार घनफूट म्हणजे सुमारे २८ घनमीटर.

आणि हिस्सा. डिव्हिजन ऑर्डर नावाचा कागद असतो, त्यावर बायचा हिस्सा दशांशात, आठ घरांपर्यंत: ०.००८९०६२५. बाय म्हणाली, हे बघूनच पोटात गोळा येतो. मी म्हटले, गो बाय, तू गोव्याची ना? आपल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर ४० वारस असतात, वाटपाच्या इन्व्हेंटरीत नवरा-बायकोचे अर्धे-अर्धे करून मग पोरांचे तुकडे पाडतात, त्यापुढे हे काय? सगळे युनिट, म्हणजे वायूसाठी एकत्र धरलेली सगळ्यांची जमीन, ६४० एकरांचे, तुझे त्यात ३८. अडतीस भागिले सहाशे चाळीस, गुणिले पंधरा टक्के. झाले. कॅल्क्युलेटरवर आठही घरे बरोबर उतरली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. ही ताळणी सेवेने करून दिली नाही हे नोंदवतो. ती फक्त आकडा विचारते, तो बरोबर आहे का हे विचारत नाही. चुकीचा घातलात तर चुकीच्या आकड्याचाही तितकाच सुंदर आलेख काढते.

आलेख मात्र खरोखर सुंदर. पहिल्या पूर्ण महिन्यात, २०१४ साली, २,४१,००० एमसीएफ. बाराव्या महिन्यात ९२,०००. मग उतार हळूहळू मंद होत, २०२२ च्या अखेरीस ३४,०००. शेलची विहीर अशीच असते, पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त ओसरते आणि मग पुष्कळ वर्षे ठिबकत राहते. भावोजींच्या वहीत हेच आकडे होते, पण एकाखाली एक लिहिलेले, त्यांत उतार दिसत नव्हता. बायला वाटायचे, कंपनी दरवर्षी कमी देते. आलेख बघितल्यावर निदान एका बाबतीतला राग उतरला.

आता महत्त्वाचा रकाना. सरकारी नोंदीत उत्पादनाशेजारी एक आकडा असतो: महिन्यात विहीर किती दिवस चालली. सेवेने तो आलेखाखाली, बारीक करड्या अक्षरात, शोधल्याशिवाय न दिसेल असा ठेवला आहे. हा मला तिचा सगळ्यात मोठा दोष वाटतो, चेकच्या अंदाजापेक्षाही. मार्च २०२४ चा आकडा आला तेव्हा अॅपने लाल चौकटीत निरोप पाठवला: ‘उत्पादनात ७१ टक्के घट’. फेब्रुवारीत २९,९००, मार्चमध्ये ८,७००. बायचा फोन. तिकडे सकाळचे ९, इकडे संध्याकाळचे साडेसहा, मी दिवा लावत होतो. ‘दादा, विहीर आटली.’ मी म्हटले थांब, दिवस बघतो. मार्चचे दिवस ९. फेब्रुवारीचे २९. रोजचा दर काढला तर फेब्रुवारीत एक हजार एकतीस, मार्चमध्ये नऊशे सदुसष्ट. विहीर आटली नव्हती, बंद ठेवली होती. खाणीवर हेच: टन कमी दिसले की आधी विचारायचे, ट्रक किती दिवस फिरले?

बंद का ठेवली हे अॅपच्याच नकाशाने सुचवले. अर्ध्या मैलावर दोन नव्या परवान्यांच्या टाचण्या होत्या. नवी विहीर फोडताना पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत घालतात, त्याचा धक्का जुन्या शेजारणीला बसू नये म्हणून तिला काही दिवस बंद ठेवतात. बायने कंपनीच्या फोनवर विचारले, त्यांनी तेच सांगितले. वरून त्या दिवसांत भाव इतके गडगडलेले की अपालेचिया या तिथल्या डोंगरपट्ट्यातल्या मोठ्या उत्पादकांनी आपणहून विहिरी आवळल्या होत्या, तेव्हा कंपनीलाही घाई नसावी. मे महिन्यापासून परत चालू. उघडल्यावर पहिले काही दिवस ती जोरात असते, आत दाब साठलेला असतो. नकाशाचे हे काम चोख. शेजारी नवी विहीर येते याचा अर्थ उद्या आपल्या युनिटातही येऊ शकते, हे कळण्यासाठी वर्गणी भरली असे मी धरतो.

आता चेकचा अंदाज. इथे दोन गुण दिले त्याचा जमाखर्च मांडतो.

सप्टेंबर २०२३ चा महिना घ्या. सरकारी आकडा ३१,४०० एमसीएफ. सेवेने त्याला बायच्या दशांशाने गुणले, २.६४ डॉलर भाव लावला आणि हिरव्या अक्षरात लिहिले ७३८ डॉलर. नोव्हेंबरच्या शेवटी पाकीट आले. १८८ डॉलर १४ सेंट.

बायने मला विचारले नाही, तिने सरळ म्हटले, ‘हे लोक लुबाडतात.’ मलाही क्षणभर तसेच वाटले. मग एक रविवार बसलो. भाजी-पाव खाल्ला, दोन्ही कागद समोर ठेवले.

पहिला फरक वजनाचा. स्टेटमेंटवर विहिरीचे एकूण ३०,६१५ होते, सरकारी नोंदीपेक्षा ७८५ कमी, म्हणजे अडीच टक्के. विहिरीच्या तोंडाशी मोजलेला वायू आणि मोठ्या पाइपलाइनच्या दारात मोजलेला वायू यांत एवढा फरक पडतोच. वायू ढकलणारे कॉम्प्रेसर वाटेत तोच वायू जाळून चालतात. ओला टन, सुका टन. अडीच टक्के पाहून मला उलट बरे वाटले. तंतोतंत जुळले असते तर पात्रावांसारखा चष्मा काढला असता.

दुसरा फरक भावाचा, आणि खरी गोम इथे आहे. सेवा हेन्री हबचा भाव लावते. हेन्री हब म्हणजे लुइझियानातले इराथ गाव, जिथे पाइपलाइनींचा संगम आहे आणि ज्याच्या नावावर वायदेबाजार चालतो. बायचा वायू लुइझियानात जात नाही. ईशान्य पेनसिल्वेनियात वायू भरपूर आणि बाहेर नेणाऱ्या नळ्या कमी, त्यामुळे तिथला भाव हेन्री हबच्या खाली पडतो. सस्क्वेहानातून न्यूयॉर्ककडे जाणारी कॉन्स्टिट्यूशन नावाची पाइपलाइन कितीतरी वर्षे परवान्यांत अडकून २०२० मध्ये रद्द झाली. बायला त्या महिन्यात मिळालेला भाव १.३१. आमच्या खनिजाचा हिशेब असाच: वर्तमानपत्रात छापून येणारा भाव मुरगावला बोटीवर चढवलेल्या मालाचा, खाणीच्या तोंडाशी तो भाव मागायला गेलात तर लोक हसतील.

तिसरा फरक वजावटीचा. गोळा करण्याचा, दाबण्याचा, वाहून नेण्याचा खर्च, एमसीएफमागे ६२ सेंट. बायचा वाटा झाला २७२.६६ एमसीएफ, त्याचे १.३१ ने ३५७ डॉलर १९ सेंट, वजावट १६९ डॉलर ५ सेंट, उरले १८८.१४. पैसा न् पैसा जुळला. मग कायद्यात आठवा हिस्सा किमान आहे त्याचे काय? २०१० मध्ये पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की रॉयल्टी मोजायच्या आधी असा खर्च वजा केला तर तो कायदा मोडत नाही. म्हणजे सगळे लीजच्या शब्दांवर. ज्यांच्या लीजमध्ये ‘वजावट नाही’ असे लिहिलेले आहे त्यांना भाग्यवान म्हणायचे. भावोजींनी १५ टक्के लिहून घेतले, ही ओळ राहून गेली. हुशार माणसाच्या हातूनही एक ओळ राहते.

सेवेला हे तिन्ही आकडे घालता येण्याची सोय आहे का? आहे. तीन पाने आत, ‘प्रगत’ नावाच्या दाराआड. तिथे स्थानिक भावाची टक्केवारी आणि वजावट घातली की अंदाज १० टक्क्यांच्या आत येतो. पण मग घालायचे आकडे कुठले? मागच्या स्टेटमेंटवरचे. म्हणजे मी त्यांना आकडे देणार, ते मला तेच आकडे हिरव्या रंगात परत देणार. आणि गंमत बघा, जानेवारीचे उत्पादन कंपनी मार्चच्या १७ तारखेपर्यंत सरकारला कळवते, त्याचा चेक मार्चअखेर निघतो. अंदाज आणि पाकीट यांत दोन आठवडे. त्यासाठी कोण हिरवे दिवे लावून घेतो.

यापेक्षा वाईट प्रसंग आठ महिन्यांच्या थांबलेल्या पैशांचा. भावोजींच्या निधनाची बातमी कंपनीला कळवल्यावर त्यांनी खाते सस्पेन्समध्ये टाकले. यात गैर काही नाही. मालक कोण हे ठरेपर्यंत पैसे बाजूला ठेवणारच. काऊंटीच्या मृत्युपत्र निबंधकाकडून पत्र, नव्या मालकीचे खत नोंदणी कार्यालयात, त्याची प्रत कंपनीला, मग नवी डिव्हिजन ऑर्डर, मग सही. आपल्याकडे मामलेदार कार्यालयात म्युटेशनला जे लागते त्यापेक्षा कमी, पण ज्या बाईचा नवरा नुकताच गेला आहे तिला पुष्कळ. दोनदा कागद ‘मिळाले नाहीत’. तिसऱ्यांदा रजिस्टर पोस्टाने पाठवले तेव्हा मिळाले.

या सगळ्या काळात आमची सेवा काय करत होती? दर महिन्याला उत्साहाने सांगत होती, पुढचा चेक इतका! बाय पाकिटाची वाट बघायची, टपालपेटीपर्यंत बर्फातून जायची, रिकामी परत यायची. अॅपला ‘चेक आला नाही’ हे सांगायचे बटणच नाही. फेब्रुवारी ते सप्टेंबर मी रोज बघत होतो, कुठेतरी ‘खाते थांबले आहे का?’ असा साधा प्रश्न येईल म्हणून. आला नाही. थकीत आठ महिन्यांचे तिचे अंदाज मी मिळवले तर ७,५०० डॉलरच्या वर गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे सुटले ते ३,४०६. व्याज शून्य.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, ज्यांचे कोणी तिकडे आहेत त्यांच्यासाठी. असे थांबलेले पैसे वर्षानुवर्षे कोणी मागितले नाहीत तर ते कंपनीकडे राहत नाहीत, राज्याच्या तिजोरीकडे जातात आणि तिथे नाव घालून शोधता येतात. भावोजींच्या नावाने मी सहज शोधले. गॅसचे काही नव्हते, जुन्या विमा कंपनीचे ४१ डॉलर सापडले. बायने त्याची मिठाई वाटली.

माणसांच्या वागण्याला चार गुण का? कारण मी मोडक्या इंग्रजीत लांबलचक मेल पाठवला, दिवसांचा रकाना वर आणा, बंद विहिरीला घट म्हणू नका, आणि ४८ तासांत उत्तर आले. यंत्राचे नव्हे, माणसाचे. कारण त्यात त्याने विचारले, तुम्हाला हे दिवसांचे कसे सुचले? मी काट्याची गोष्ट लिहिली. त्याने उत्तरात सांगितले की एकाच विहिरीचा मालक असेल तर ४० डॉलरची वार्षिक योजना आहे, जिच्यात अंदाज नाही, फक्त आकडे, नकाशा आणि वर्षअखेरचा तक्ता. ही योजना त्यांच्या दरपत्रकात शोधून सापडत नाही. आपणहून ग्राहकाला स्वस्त माल दाखवणारा दुकानदार मी डिचोलीच्या बाजारात एकच पाहिला आहे, आणि तो आता नाही.

तर फेब्रुवारीपासून ती ४० डॉलरवाली घेतली आहे. वर्षअखेरचा तक्ता कामाचा आहे. तिकडे रॉयल्टीवर कर भरताना एकूण रक्कम वेगळी, वजावट वेगळी दाखवावी लागते, आणि साठा संपत जातो म्हणून १५ टक्क्यांची सूट मिळते. बायच्या कर-सल्लागाराने पहिल्या वर्षी निव्वळ रकमेवरच काम उरकले होते, तक्ता पाहून सुधारले.

कोणाला घ्यावीशी वाटली तर माझे म्हणणे: एक विहीर असेल आणि घरात एक्सेल येणारे कोणी असेल तर सरकारी नोंद आणि एक वही पुरे. तीन-चार विहिरी, दोन-तीन युनिटे, भावंडांत वाटलेले हिस्से असतील तर १२० डॉलर जास्त नाहीत. पण हिरव्या अक्षरांवर पोरांच्या फीचे गणित बसवू नका.

हे सगळे करताना मधेच आमचे कुडण्याचे शेत आठवायचे. वडिलांचे भाताचे. वरच्या खाणीच्या डंपची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाची, लाल माती दर पावसात थोडी-थोडी खाली आली आणि शेवटी बांध कुठला आणि वाफा कुठला ते कळेना. भरपाई यायची, कधी यायची, कधी नाही. किती मातीचे किती, कोणत्या वर्षाचे, कोणी मोजले, काही लिहिलेले नसायचे. एक माणूस यायचा, पाकीट द्यायचा, वडील अंगठ्याने नोटा मोजायचे. लोहखनिजाची रॉयल्टी २०१४ पासून १५ टक्केच आहे, बायच्या लीजइतकीच. पण ती सरकारात जमा होते, आणि बायचे १५ टक्के तिच्या टपालपेटीत येतात. तिकडे सगळे गोड आहे असेही नाही. त्याच काऊंटीत डिमॉकला १ जानेवारी २००९ ला एका घरच्या पाण्याच्या विहिरीत वायू साचून स्फोट झाला. बाय अजून नळाचे पाणी वर्षातून एकदा तपासून घेते, त्याचा खर्च मी या हिशेबात धरलेला नाही.

आज ९ मे. मार्चचा आकडा १५ पर्यंत नोंदीवर यायला हवा, चेक महिनाअखेरीस. बायला सांगून ठेवले आहे, पाकीट आले की आधी स्टेटमेंटच्या मागच्या पानाचा फोटो काढ, चेकचा नंतर.